माणूस असला तर

ऐप्पसी हा तमिळ महिना, आपला आश्विन-कार्तिक, लागला की आमच्या घराजवळच्या उड्डाणपुलावर गाड्या उभ्या राहायला लागतात. पाऊस अजून आलेला नसतो. आकाश नुसतं पांढुरकं, दमट, कोंडलेलं असतं. पण खालच्या वसाहतींतली माणसं आपापल्या मोटारी वर आणून कठड्याला चिकटवून लावतात, स्कूटरींना ताडपत्र्या बांधतात आणि हेल्मेट हातात घेऊन पायी घरी परततात. कोपऱ्यावरचा दुकानदार मेणबत्त्या काढून पुढे मांडतो. कुणी भीतीचं नाव काढत नाही. रांग मात्र रोज थोडी लांबते. यंदाही ती पेट्रोल पंपापर्यंत पोचली.

मी माणदेशातली. आमच्याकडे पाऊस येत नाही म्हणून माणसं घाबरायची. इथे तो येणार म्हणून घाबरतात. आणि येतो तोही आपल्या जूनमध्ये नाही, दिवाळीच्या आगेमागे, समुद्राकडून, आडवा. पणत्या लावायच्या दिवसांत घराघरांतून सामान माळ्यावर चढवलं जातं. आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं. कमरेएवढं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर, चेन्नईत. पोहायला कधी शिकले नाही. शिकायला पाणी कुठे होतं?

माझं काम मात्र पाण्यात उतरणाऱ्या माणसांशी बांधलेलं आहे. तांबरमजवळच्या एका महाविद्यालयात मी बिनतारी संदेशवहन शिकवते. गेली काही वर्षं आम्ही काहीजण अग्निशमन दलासाठी एक नवा सेट तयार करतोय. पुरात वीज जाते, पाठोपाठ मोबाइलचे टॉवर जातात. जवानांकडे जुने वॉकीटॉकी असतात, पण दाट घरांच्या गल्लीत त्यांचा आवाज तुटतो. आमचा सेट एका माणसाचा निरोप शेजारच्या माणसाच्या सेटवर टाकतो, तो पुढच्याच्या, असं करत करत बाहेर गाडीपर्यंत आणतो. माणसांचीच साखळी. दोन माणसांत फार अंतर पडलं की साखळी तुटली. म्हणून सेट किती ताकदीचा हवा, मध्ये किती माणसं हवीत, हे ठरवायला आधी एक गोष्ट कळावी लागते: संकटात ही माणसं चालतात कशी?

आम्ही ते संगणकावर चालवून पाहत होतो. पडद्यावर एक वसाहत, तीत हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका मनाला येईल ती जागा निवडायचा, सरळ रेषेत तिथे जायचा, थोडा थांबायचा, मग दुसरी जागा निवडायचा. पुस्तकात असंच दिलेलं असतं. गणिताला ते सोपं जातं.

अग्निशमन केंद्रातून आम्हाला माहिती द्यायला आले ते मुत्तोजीराव. पन्नाशीला टेकलेले, रुंद खांद्यांचे, कानावर पांढरे केस, लीडिंग फायरमन. बराच वेळ ते माझ्याशी इंग्रजी-तमिळ मिसळून बोलत होते. मध्येच मला आईचा फोन आला आणि मी मराठीत दोन वाक्यं बोलले, तसे ते खुर्चीत ताठ झाले.

"तुम्ही मराठी काय?"

मी हो म्हणाले.

"आम्हीही मराठीच," ते म्हणाले. "तंजावूरचे. आमचं मराठी ऐकून हसूं नका मात्र."

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते मराठी जुन्या पत्रांमधलं वाटायचं, आणि त्यावर तमिळचा हेल. वाक्य संपता संपता वर जायचं. त्या दिवसापासून आमचं बोलणं त्याच भाषेत होऊ लागलं.

पडद्यावरचे ठिपके त्यांनी बराच वेळ पाहिले. "हे कोण?"

"तुम्ही."

ते इतके हसले की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली. "मी असा भटकतों? सेल्वम सार मज घरीं पाठवतील!" सेल्वम म्हणजे त्यांचे केंद्रप्रमुख. मग ते गंभीर झाले आणि टेबलावर ओल्या बोटानं एक गल्ली काढली. "पाहा. सरळ कोणी जात नाहीं. भिंतीस हात लावून जायचं. पाण्याखालीं काय आहे ते ठाऊक नसतं, भिंत ठाऊक असते. दोघं जायचं. गेल्या वाटेनंच परतायचं. आणि वळण आलं, की तेथें एकानं उभं राहायचं, माणूस असला तर. पुढला त्यास पाहतो, मागला त्यास पाहतो."

मी भराभर लिहून घेतलं. भिंत. जोडी. परतीची तीच वाट. वळणावर एकजण.

त्या वहीचं पान अजून माझ्याकडे आहे. 'माणूस असला तर' हे शब्द त्यात नाहीत. ऐकले मी ते, नक्की ऐकले. त्यांचा तो वर चढणारा हेलही मला आठवतो. पण लिहिताना ते मला बोलण्याच्या ओघात आलेले वाटले असावेत. आमचा सगळा नवा हिशेब त्या वळणावरच्या माणसावर उभा राहिला. तो तिथे असेल, हलणार नाही, आणि त्याच्या खिशातल्या सेटमधून आतला निरोप बाहेर येईल. पडद्यावर साखळी एकदाही तुटली नाही. आम्ही सगळे खूश होतो.

मग खरा पाऊस आला.

इथला पाऊस पडत नाही, उभा राहतो. सलग तीन दिवस तो खिडकीबाहेर उभा होता. भिंतींना ओल्या चुन्याचा वास, गादीला ओला वास, डब्यातल्या पापडांनाही. शाळा बंद, शोळिंगनल्लूरच्या आयटी कचेऱ्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तांबरमच्या पश्चिमेला एका एरीचा, म्हणजे तलावाचा, बांध फुटल्याची बातमी आली. तलावाच्या काठाकाठानं, खरं तर तलावातच, एक वसाहत वसली होती. तिच्यात पाणी शिरलं. खऱ्या पुरात सेट वापरून पाहायची परवानगी आम्हाला आधीच मिळालेली होती. नवे सेट घेऊन मी पथकाबरोबर गाडीत बसले.

आमच्या गाडीत मुत्तोजीराव, त्यांचा जोडीदार दिनेश हा तिशीतला जवान, ड्रायव्हर आणि मी. सेल्वम सार दुसरी तुकडी घेऊन वसाहतीच्या पलीकडच्या बाजूला, बांधाकडे गेले होते. गाडी वसाहतीच्या तोंडाशी, उंचवट्यावर थांबली. पुढे रस्ता नव्हता. तपकिरी पाणी होतं आणि त्यात उभी घरं. एक गॅसचा सिलिंडर हळूहळू तरंगत आमच्याकडे येत होता.

नियम असा होता की नवा सेट घ्यायचा आणि जुनाही जवळ ठेवायचा. सेल्वम सारांनी दोनदा बजावलं होतं. मुत्तोजीराव कमरेला दोर बांधत होते. मी म्हणाले, "आज फक्त नवाच वापराल का? दोन्ही असले की लोक सवयीनं जुन्यावर बोलतात. मग आपल्याला काही कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग कमरेचा जुना सेट काढून गाडीच्या सीटवर, माझ्या शेजारी ठेवला. "तुमचं काम नीट होऊं द्या," ते म्हणाले आणि पाण्यात उतरले.

हे मी कितीतरी वेळा आठवून पाहिलंय. त्यांना नाही म्हणता आलं असतं. हे विचारू नये असं मला सुचू शकलं असतं. यातलं काहीच झालं नाही.

माझ्या मांडीवर टॅब्लेट होता. रबरी होडी मागे ओढत दोघे निघाले आणि पडद्यावर दोन हिरवे ठिपके भिंतीभिंतीनं पुढे गेले. पहिल्या वळणावर एक थांबला, तो दिनेश. दुसरा आत गेला. मला आनंद झाला, लाज वाटावी इतका आनंद. माणसं आमच्या गणितासारखी चालत होती.

काही वेळानं दिनेश ती होडी ढकलत बाहेर आला. होडीत एक गरोदर बाई होती, कळा सुरू झालेली, दातांत साडीचा पदर धरून बसलेली. तिची म्हातारी सासू मागे पाण्यातून चालत होती. ड्रायव्हरनं उडी मारली. दोघांनी मिळून त्या बाईला होडीसकट उचललं आणि मुख्य रस्त्यावर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेकडे घेऊन गेले. सासूची पिशवी मी गाडीत वर घेतली, तिला हात दिला, पाणी प्यायला दिलं. मग तीही त्यांच्यामागे गेली. वळणावरचा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून गेला, आणि माझ्या डोक्यात काहीही उजाडलं नाही.

परत टॅब्लेटकडे पाहिलं तर आतला ठिपका राखाडी झाला होता.

राखाडी म्हणजे संपर्क नाही. ठिपका शेवटचा दिसला होता तिथेच गोठलेला. मला वाटलं, पडद्यावर पाणी गेलं. मी तो ओढणीनं पुसला. बंद केला, सुरू केला. आमचा प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. गाडीतली पेटी उघडून तारा घट्ट केल्या. अकरा मिनिटं मी हे करत होते. बिघाड शोधण्याची मला सवय आहे. माणूस शोधण्याची नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या सीटवर खरखर झाली. जुना सेट. त्यातून सेल्वम सारांचा आवाज आला, "मुत्तोजी... मुत्तोजी... कुठे आहेस?" थोडं थांबून पुन्हा. "मुत्तोजी, बोल."

ज्या माणसाला ते हाक मारत होते त्याच्या कमरेला तो सेट असायला हवा होता. तो माझ्या शेजारी होता.  अजूनही कुठे रेडिओ खरखरला, रिक्षातला असो की चहाच्या दुकानातला, की माझा हात आधी शेजारची जागा चाचपतो.

सेट उचलून मी बटण दाबलं. तमिळ सुचेना. इंग्रजीत, मराठीत, कसंबसं सांगितलं की ते आत आहेत, एकटे आहेत, त्यांच्याकडे हा सेट नाही. पलीकडून खरखर. माझा आवाज तिथे पोचत नव्हता. त्यांचा अर्धामुर्धा येत होता, माझा जात नव्हता. ड्रायव्हर नव्हता, दिनेश नव्हता. त्या उंचवट्यावर मी होते आणि पाऊस होता. वळणापाशी मोकळी जागा होती. तिथून बांधाची बाजू सरळ दिसते हे मला नकाशामुळे पाठ होतं. तिथून आवाज गेला असता.

मी पाण्यात उतरले.

पहिल्यांदा गुडघे, मग कंबर. पाणी गार नव्हतं, हे मला आठवतं. कोमट होतं, आणि त्याला डिझेलचा नि गटाराचा वास होता. पायाखाली कधी रस्ता, कधी काहीतरी मऊ. उघड्या मॅनहोलबद्दल ऐकलेलं सगळं एकदम आठवलं. मी विजेचे खांब बघू लागले. एका कंपाउंडवर तीन मांजरं आणि एक साप शेजारी शेजारी बसले होते, एकमेकांकडे न बघता. मी भिंतीला हात लावला. खरबरीत, ओली, शेवाळलेली भिंत. ती संपली की दुसरी सुरू होईपर्यंत मधली फाटकाची जागा यायची, तेवढी दोन पावलं मी श्वास न घेता टाकत होते. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा मी रडत होते. मोठ्यानं, लहान मुलासारखी.

वळण आलं. तिथे कुणी नव्हतं. "मुत्तोजीराव!" मी ओरडले. पावसानं ते लगेच गिळलं.

सेट डोक्यावर धरून बटण दाबलं. या वेळी सेल्वम सारांनी ऐकलं. मी त्यांना सांगितलं: तिसरी गल्ली, डावीकडे, निळ्या टाकीचं घर, त्याच्या मागे. ठिपका तिथे गोठला होता.

"तुम्ही कुठे आहात?"

"वळणावर."

 मग ते तमिळमध्ये ओरडले, "अंगेये निल्लुंगो, मॅडम! तिथंच उभ्या राहा. हलू नका. तुम्ही हललात तर तुमचा आवाज जाईल."

मी उभी राहिले. तासाभराहून अधिक वेळ. रुग्णवाहिका पाण्यात अडकली आणि दिनेश नि ड्रायव्हर तिच्यापाशीच गुंतले, हे मला मागाहून कळलं. दर थोड्या वेळानं ते विचारायचे, मी उत्तर द्यायची; त्यांची होडी मला दिसायची तेव्हा मी सांगायची, आणखी पुढे, आता डावीकडे. पाणी माझ्या काखेपर्यंत आलं. पळावं असं वाटत नव्हतं असं म्हणणार नाही. दर मिनिटाला वाटत होतं. पुस्तकातल्या ठिपक्याला थांबायला काही लागत नाही. थांबण्याचा काळ एका आकड्यानं लिहिता येतो. खरं थांबणं किती जड असतं हे मला त्या दिवशी कळलं, माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते आणि दात वाजत होते.

मुत्तोजीराव जिवंत सापडले. त्या निळ्या टाकीच्या घरामागून त्यांना कुणाची तरी हाक ऐकू आली होती. दिनेशनं नव्या सेटवर विचारलं होतं, वळणालगतच्या घरात कळा लागलेली बाई आहे, तिला घेऊन जाऊ का? त्यांनी सांगितलं, जा, मी बघतो. आणि ते हाकेकडे वळले. घरामागे एक निवृत्त कारकून, सत्तरीचे गृहस्थ, कपडे धुण्याच्या दगडावर उभे होते. मुत्तोजीराव त्यांच्यापाशी पोचले आणि मागची भिंत कोसळली. डावा पाय विटांखाली अडकला. पाणी वाढत होतं. दगड बुडाला तेव्हा त्यांनी त्या गृहस्थांना खांद्यावर घेतलं आणि होडी येईपर्यंत तसेच उभे राहिले. हातातल्या नव्या सेटवर ते बोलत होते, पुन्हा पुन्हा. तो आवाज कुठेच जात नव्हता, कारण वळणावर माणूस नव्हता.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. ते गृहस्थ वाचले. त्या बाईला मुलगी झाली असं नंतर दिनेशनं सांगितलं.

दोन दिवसांनी मी प्रयोगशाळेत त्या दिवसाची नोंद उघडली. प्रत्येक सेट आपण कुठे होतो ते आपल्याजवळ साठवून ठेवतो. माझ्याही खिशात एक होता. चाचणीसाठी ठेवलेला, निरोपाचा भाग बंद करून नुसती जागा नोंदवणारा; मी विसरून गेले होते. मला आठवत होतं की मी गाडीतून उतरले आणि भिंतीला धरून वळणापर्यंत गेले. सरळ. पडद्यावर तसं नव्हतं. माझी रेषा थोडी पुढे गेली होती आणि परत आली होती. पुन्हा गेली, अर्ध्यापर्यंत, आणि पुन्हा परत, थेट गाडीच्या पायरीपर्यंत. तिथे चार मिनिटं थांबली होती. मग तिसऱ्यांदा गेली.

मला हे परत फिरणं आठवत नाही. आजही आठवत नाही. कितीही डोळे मिटून बसले तरी मला फक्त पुढे जाणारे माझे पाय दिसतात. पण रेषा खोटं बोलत नव्हती. मी दोनदा घाबरून पळाले होते, आणि पायरीवर चार मिनिटं बसले होते, आणि त्या चार मिनिटांत पलीकडे एक माणूस खांद्यावर दुसरा माणूस घेऊन उभा होता.

भीतीबद्दल मी तेव्हापासून पुष्कळ विचार करते. आमच्या प्रोग्रॅममध्ये वेग होता, दिशा होती, थांबा होता. भीती नव्हती. आणि हाक नव्हती. माणूस ठरलेली वाट सोडतो ती या दोहोंसाठी. एक त्याला मागे ओढते, दुसरी आत. त्या दोन्ही सूत्रात कशा लिहायच्या हे मला अजून पूर्ण जमलेलं नाही. आता आमचे ठिपके कधी कधी अचानक वाट सोडतात, वळणं रिकामी पडतात, साखळी वारंवार तुटते. आकडे पूर्वीइतके देखणे येत नाहीत. नवे विद्यार्थी विचारतात, मॅडम, ही चूक आहे का? मी म्हणते, नाही, हे राहू द्या. वळणावर आता माणसाबरोबर एक तरंगती पेटीही बांधतो, माणूस गेला तरी ती राहते. आणि जुना सेट कमरेवरून कुणी काढायचा नाही.

मी सेल्वम सारांकडे गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर अहवाल तयार होता. त्यात लिहिलं होतं की लीडिंग फायरमन मुत्तोजीराव जुना सेट गाडीत विसरले. तसं त्यांनी स्वतः इस्पितळातल्या खाटेवरून सांगितलं होतं.

"ते विसरले नाहीत," मी म्हणाले. "मी काढायला सांगितला."

सेल्वम सारांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. चेहरा लाल झाला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पेन पुढे केलं. "लिहा. सही करा." मी लिहिलं. त्यांनी वाचलं, फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "त्याच्या बायकोला हे कागदावरून कळू नये. तुम्ही जा."

पुरापेक्षा मला त्या दुपारची भीती जास्त वाटली होती.

मुत्तोजीरावांच्या पत्नी अंबुजाबाई तांबरमला राहतात, पूर्वेकडे, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या प्राथमिक शाळेत गणित शिकवतात. मी गेले तेव्हा त्यांनी भिजलेल्या वह्या जमिनीवर पसरल्या होत्या, पंख्याखाली, पानं उघडी करून. मला वाट काढत कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत जावं लागलं. त्यांनी कॉफी आणली. मी पेला हातात धरून सगळं सांगितलं. वहीत न लिहिलेले शब्द, सीटवरचा सेट, अकरा मिनिटं. त्या खाली बसून एकेका वहीचं पान उलटत होत्या. थांबल्या नाहीत.

माझं संपल्यावर म्हणाल्या, "ते दाखवा."

"काय?"

"ते उभे होते, ती जागा."

मी टॅब्लेट काढला. नोंद लावली. त्यांनी पदराला हात पुसले आणि जवळ आल्या. हिरवा ठिपका गेला, वळला, थांबला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. बोट पडद्यावर टेकल्यामुळे चित्र मोठं झालं. त्यांनी दचकून हात मागे घेतला, पुन्हा ठेवला.

"किती वेळ?"

मी सांगितलं.

"त्या वेळेस मी शेंगा सोलीत होतें," त्या म्हणाल्या. "रेडिओ लावून."

मग त्यांचं लक्ष दुसऱ्या रेषेकडे गेलं. "ही कोण?"

खोटं बोलता आलं असतं. "मी."

"ही मागें फिरली."

"हो."

"दोनदा."

"हो. दोनदा."

 बाहेर उपनगरी गाडी गेली, वह्यांची पानं थरथरली. मला वाटलं आता त्या मला जा म्हणतील. त्यांनी विचारलं, "हें मज फोनांत घालून देतां येईल? ते कामावर जातील तेव्हां पाहायास?"

"येईल," मी म्हणाले. घाईघाईनं, काहीतरी देता येतंय या आनंदानं. "सहज येईल. मी आजच करून देते."

त्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या. मग टॅब्लेट माझ्या मांडीवर परत ठेवला.

"नको. मी हें पाहत बसलें तर माझ्यानं शाळेंत जाणं होणार नाहीं, जेवण होणार नाहीं. मज त्यांच्यासंगें राहायचं आहे, ठिपक्यासंगें नाहीं." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळ्यांत राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "तुम्हीं पाहा. त्यांस आंत सोडलांत तुम्हीं, पाहायचंही तुम्हींच."

त्या पावसाळ्यानंतर मुत्तोजीराव आठ महिने घरी होते. आता थोडे लंगडतात. पाण्यात पहिले उतरत नाहीत. वळणावर उभे राहतात, आणि नव्या पोरांना ते काम हलकं वाटतं म्हणून चिडतात. माझ्यावर ते कधीच चिडले नाहीत. त्याचंच मला कधी कधी भय वाटतं.

अंबुजाबाई पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत. केंद्राच्या पूजेला दिसल्या, मान हलवली, तेवढंच. फोन नंबर त्या दुपारी मी लिहून दिला होता. त्यावर कधी काही आलं नाही.

आज सकाळपासून पाऊस उभा आहे. दहा वाजता पथक निघालं. मी केंद्रातल्या छोट्या खोलीत, पडद्यासमोर. सात ठिपके, सगळे हिरवे. एक वळणावर आहे, तो मुत्तोजीरावांचा. चहा न पिता निवलाय. भीती कमी होईल असं मला पहिल्या वर्षी वाटलं होतं. ती कमी झाली नाही. मी फक्त तिच्याबरोबर खुर्चीत बसायला शिकले.

आत्ता फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे शाळेच्या मुलांचा पाढे म्हणण्याचा आवाज, आणि त्यावरून तो वर चढणारा हेल.

"अंबुजा बोलतें. तुम्हीं जागेवर आहांत ना?"

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी नवऱ्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. "बरं," म्हणाल्या, आणि वर्गाकडे परत गेल्या असाव्यात, कारण फोन बंद होण्याआधी मला ऐकू आलं ते मुलांना सांगणं, मोठ्यानं, तमिळमध्ये: पुन्हा पहिल्यापासून.